माल्सुन मावशीच्या पायाचं माप

निर्यातीच्या अर्जातला सत्तेचाळिसावा प्रश्न होता: किडे रोखण्यासाठी काय उपाय करता? सांग-पिलने ती जागा कोरी सोडली असती, तर पुढचा सगळा तमाशा टळला असता. पण माल्सुन मावशी त्याच्या पाठीशी उभी होती. सरकारी कागदावर खोटं लिहिलं की सोय सॉसला बुरशी येते, अशी तिची पक्की खात्री होती.

"लिही, पायमोजा."

"मावशी, हा अर्ज युरोपात जाणार आहे."

"मग तिकडे गोमा नसतात का? लिही. कागदी मोजा, उलटा, दर रांजणाला एक."

सॉसच्या रांजणाच्या पोटावर पांढऱ्या कागदाचा मोजा उलटा चिकटवायची ही सुनचांग भागातली जुनी चाल. उलटा मोजा दिसला की गोमेला वाटतं, वरून कुणीतरी पाय देतंय, आणि ती आल्या पावली परत जाते. बाकीच्या घरांनी हे कधीच सोडलं होतं. मावशीकडे मात्र तीनशे बारा रांजण आणि तीनशे बारा मोजे. दर वसंतात ती कागदावर उजवा पाय ठेवायची, भोवती पेन्सिल फिरवायची आणि त्या मापाने कात्री चालवायची. मोजा घरच्या बाईच्याच पायाचा हवा, नाहीतर गोम हसते म्हणे.

सांग-पिलने लिहिलं. ग्वांग्जूच्या विमा कंपनीतली नोकरी सोडून तो मावशीचा सॉस परदेशी पाठवायला आला होता. पहिला कंटेनर गेला नाही, तर मावशी अर्धे रांजण विकणार आणि हा जुन्या साहेबापुढे खाली मान घालून उभा राहणार, हे ठरलेलं होतं.

महिन्याने उत्तर आलं. व्यापार कराराच्या नवव्या परिशिष्टाप्रमाणे उत्पादनाच्या जागी पायमोजे जोडीनेच वापरावेत, रोज धुवावेत. दुसरा पाय कुठे आहे ते कळवावे.

"कागद धुवू? त्यांना म्हणावं, आधी डोकं धुवा."

सांग-पिलने लिहिलं, 'आपली सूचना विचाराधीन आहे.'

शेजारचा बेक कुंपणावर कोपर टेकून उभा होता. त्याच्याकडे स्टीलच्या टाक्या आणि किडे मारायचा निळा दिवा, तोही शिक्कामोर्तब झालेला. "वहिनी, काढा ते मोजे. माझ्यासारखा दिवा लावा."

"बेकभाऊ, तुमच्या सॉसला दिव्याचीच चव येते."

सांग-पिलने कराराची दोनशे चौदा पानं वाचून काढली. दोनशे अकराव्या पानावर त्याला हवं ते सापडलं: उत्पादकाची स्वतःची पद्धत तितकाच बचाव करते असं सिद्ध झालं, तर ती मान्य. मग तपासायला युरोपातून ओस्टरकॅम्प साहेब आले. एवढे उंच, की रांजणात डोकावताना तीन ठिकाणी घडी पडायची. त्यांनी मावशीच्या रांजणांशी आणि बेकच्या टाक्यांशी चिकट फळ्या ठेवल्या, सात दिवसांसाठी.

बेकच्या निळ्या दिव्याने तीन तालुक्यांतले पतंग बोलावून घेतले. सातव्या सकाळी त्याची फळी चिकटलेल्या पतंगांच्या जोरावर हातभर उडाली, असं पाहणारे सांगतात. मावशीच्या फळीवर एकच गोम होती, तीही परतीच्या दिशेला तोंड करून.

साहेबांनी मान डोलावली, मोज्याला पट्टी लावली आणि लिहून घेतलं: लांबी दोनशे पंचवीस मिलिमीटर, दोन इकडे-तिकडे चालेल. तसं परिशिष्टात छापूनही आलं. उरली फक्त वसंतातली शेवटची तपासणी.

त्या वसंतात मावशीचा पाय सुजला. नवे मोजे भरले दोनशे चौतीस.

"मावशी, कागद जरा आखूड काप ना."

"म्हणजे कुणाच्या पायाचा?"

"कराराच्या."

"कराराला पाय असते तर तो स्वतः चालत आला असता. कागद कशाला पाठवले असते?"

साहेबांनी दुःखी चेहऱ्याने नापासाचा शिक्का मारला, पण माणूस भला. त्यांनीच दुरुस्तीचा प्रस्ताव नेला. दोन्ही बाजूंची चौदा माणसं आणि दोन दुभाषे मावशीच्या पायावर दोनदा बैठकीला बसले. जुलै सरता सरता पत्र आलं: नवं माप दोनशे चौतीस, दोन इकडे-तिकडे.

तोवर जुलैच्या पावसाने सगळे मोजे धुऊन नेले होते. मावशीने नवा कागद जमिनीवर पसरला, पाय ठेवला. सूज कधीच उतरली होती. दोनशे पंचवीस.

"बरा झाला की गं," सांग-पिल रडवेल्या आवाजात म्हणाला.

"माझ्या पायाचं कौतुक नंतर कर. साहेब कधी येणार?"

"गुरुवारी. या वेळी नापास झालो तर ऑर्डर रद्द."

मावशीने जवळच्या रांजणाचं झाकण उचललं. मग म्हणाली, "डॉक्टरने मला काय बंद केलंय?"

"मीठ. पाय सुजतो म्हणून."

"आण वाडगा."

सोमवारी तिने भातावर आपला सॉस ओतला, इतका की भात पोहायला लागला. जोडीला खारवलेली कोळंबी. मंगळवारी तेच, वर दिवसभर उभं राहणं. बेक कुंपणावरून म्हणाला, "वहिनी, जिवावर बेतेल."

"तुमच्या सॉसने बेतलं असतं. हा चांगला आहे."

मंगळवारी संध्याकाळी दोनशे एकोणतीस. बुधवारी सकाळी दोनशे बत्तीस. दुपारच्या जेवणात सांग-पिल पट्टी घेऊन तिच्या पायाशीच बसला होता. दोनशे चौतीस. मावशीने हावरेपणाने आणखी एक घोट घेतला. दोनशे छत्तीस.

"बास, मावशी. चमचा खाली ठेव आणि हलू नकोस," तो म्हणाला आणि पेन्सिल फिरवायला लागला.

कंटेनर शनिवारी बुसानहून सुटला. सांग-पिल बंदरावर एकटाच उभा होता. मावशीला फार यायचं होतं, पण घरातला एकही बूट तिच्या पायात शिरेना.