साडूंची शेगडी

बायको गेली तेव्हा कवळीवाल्याने पडदे, मिक्सर, चांगला आरसा, सगळं मुकाट्याने नेऊ दिलं. नेणाऱ्याच्या आडवं जायचं नाही, असा त्याचा स्वभाव. पण तिच्यामागोमाग साडूही जाईल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आता बायकोच उरली नाही तर साडू कुठला? काडीमोड घेताना घर कुणाचं, गाडी कुणाची याचा काथ्याकूट होतो. साडू कुणाचा, हे वकिलाला विचारायचं कुणाला सुचत नाही.

कवळीवाला दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून कवळ्या बनवायचा. दिवसभर मेण वितळवायचं, साचे घासायचे, परक्यांच्या हसण्याची सोय करायची. साडू घरोघरी फरशा बसवायचा. दोघांच्या धंद्यात वर्षातून एकदा मंदी यायची, तेव्हा दोघं दोर आणि कुऱ्हाडी बांधून एखाद्या बर्फाच्या शिखरावर निघायचे. गेली कित्येक वर्षं यात खंड नव्हता. बहिणी-बहिणी म्हणायच्या, "यांनी लग्नं आमच्याशी केली, संसार मात्र एकमेकांशी."

त्या संसाराचा एक कायदा होता. शेगडी साडूच्या पाठीवर आणि गॅसचा डबा कवळीवाल्याच्या. पहिल्याच वर्षी वाट कुठली यावरून दोघांचं वाजलं, कवळीवाला रुसून एकटाच पुढे चालू लागला आणि धुक्यात जवळजवळ हरवला. तेव्हा साडूने हा कायदा केला. "आता जा रुसून! चहासाठी थांबशीलच." कायदा घरी परतल्यावरही पाळला जायचा. शेगडी साडूच्या माळ्यावर, गॅस कवळीवाल्याच्या कपाटात. म्हणून काडीमोड झाल्यावर कवळीवाल्याकडे गॅसचे डबे राहिले आणि पेटवायला काही नाही. दात आहेत तर चणे नाहीत, असं त्याने स्वतःलाच ऐकवलं. ऐकायला दुसरं कुणी नव्हतंच.

यंदा मंदी आली तरी साडूचा फोन आला नाही. आपण करावा, तर जीभ रेटेना. काय म्हणून करायचा? कोण बोलतोय म्हणून सांगायचं? आणि साडू आला नाही तर शिखर गेलं म्हणून समजायचं. एकट्याने चढायला तो भीत नव्हता. तंबूत अंधार झाल्यावर शेजारून "झोपलास का रे?" असं कुणी विचारणार नाही, हे त्याला सोसवणार नव्हतं. घरी ते रोजच चाललं होतं. त्यासाठी एवढं वर कशाला जायचं?

मग त्याला युक्ती सुचली. नवी शेगडी घ्यायची आणि ती बघायला साडूला बोलवायचं. नव्या शेगडीला साडू नाही म्हणूच शकत नाही.

गिर्यारोहणाच्या सामानाचं दुकान एक उंच, सडपातळ बाई चालवायची. तिने काउंटरवर तीन शेगड्या मांडल्या. पहिली मुठीत मावणारी. डब्याच्या डोक्यावर फिरवून बसवायची. "वजनाला काहीच नाही. पण वारा सुटला की हिचा जीव जातो, आणि पातेलं वर ठेवलं की डोलते." दुसरीला पातेलं जोडलेलंच होतं. "ही झटपट उकळते. तंबूत टांगताही येते. पण पातेलं केवढं, बघा. एकाचं भागतं, दुसऱ्याने तोंडाकडे बघत बसायचं." तिसरी तीन पायांची, बुटकी, बेडकासारखी बसणारी. डबा तिच्यापासून लांब, नळीने जोडलेला. "थंडीत गॅस गारठतो, वर येत नाही. हिचा डबा पेटल्यावर उलटा करता येतो, मग चालते. जड आहे, पण बर्फ वितळवायचा तर हीच." तिने चष्म्यावरून पाहिलं. "किती जण जाताय?"

"दोघं," कवळीवाला म्हणाला. इतक्या घाईने म्हणाला की बाई हसली.

"मग प्रश्नच मिटला," ती म्हणाली आणि तिसरीला खोक्यात घातलं. बाहेर रस्त्यावर येईपर्यंत त्याला खोटं बोलल्यासारखं वाटत राहिलं. पण खोकं काखेत होतं आणि काखेत काहीतरी असलेलं बरं वाटत होतं.

घरी येऊन त्याने फोन लावला.

"कोण बोलतंय?" साडूने विचारलं आणि लगेच ओळखलं. "अरे, तू होय! बोला... बोल ना."

हे 'बोला' कवळीवाल्याच्या काळजात रुतलं. तरी त्याने नेट धरला. "नवीन शेगडी घेतलीय. नळीची. रविवारी येऊन बघून जा."

मग साडू म्हणाला, "येतो. मलाही तुझ्याशी बोलायचंच होतं."

मलाही बोलायचंच होतं! रविवारपर्यंत कवळीवाला हवेत होता. त्याने घर झाडलं, न्हाणीघरातली निखळलेली फरशी चिकटवली. साडूच्या नजरेतून ती सुटली नसती. गॅसचा डबा सकाळपासून फ्रीजरमध्ये गारठत ठेवला, म्हणजे परीक्षा खरी होईल.

साडू आला तो थोडा जाडावलेला. गुडघे चोळत गॅलरीत बसला. शेगडी पाहिल्याबरोबर मात्र त्याचे डोळे लहान पोरासारखे झाले. पाय उघडले, मिटले, पुन्हा उघडले. कवळीवाल्याने ती पेटवली. गारठलेल्या डब्याने आधी खोकल्यासारखं केलं, ज्योत पिवळी होऊन बसत चालली. मग त्याने डबा अलगद उलटा केला आणि ज्योत निळी होऊन घुमायला लागली.

"आयला!" साडू म्हणाला. "आपल्या जुनीचा डबा काखेत धरून शेकवत बसायचो रे. आठवतं?"

"तू मला शिव्या घालायचास."

"मग! तुझ्या काखेत ऊबच नाही."

दोघं हसले. पाणी उकळलं, चहा झाला, वारा अंगावर घेत दोघांनी एकेक घोट घेतला आणि कवळीवाल्याला वाटलं, झालं, गंगेत घोडं न्हालं. आता फक्त तारीख ठरवायची.

"मग आम्हीपण हीच घेतो," साडू म्हणाला.

"आम्ही म्हणजे?"

साडूने कपात पाहिलं. "मी आणि ते... तिचे नवे. म्हणजे लग्न झालं ना आता त्यांचं. तुला कळलं असेल."

कळलं नव्हतं. तरी कवळीवाल्याने होकारार्थी मान हलवली.

"त्याला डोंगराचं ओ की ठो कळत नाही. पण थोरली मागेच लागलीय. म्हणते, साडू-साडूंनी मिळून शिखरावर जायचं, ही आपल्या घरची रीत आहे. नवीन माणसाला परकं वाटायला नको." साडूने कपाळ चोळलं. "मी काय बोलणार? नाही म्हटलं तर म्हणतील, अजून जुन्याचंच घेऊन बसलाय."

ही रीत कवळीवाल्याने आणि साडूने पाडली होती, बायकांची बोलणी खात, हौसेने, एकेका वर्षाने. आता ती घरची झाली होती आणि तो त्या घराचा नव्हता. तिघं जाऊ, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. पण बायकोच्या नवऱ्याच्या शेजारी कुठल्या तोंडाने झोपायचं?

"तू कुणाबरोबर जाणार?" साडूने हळूच विचारलं. आजच्या सगळ्या बोलण्यातला हाच प्रश्न त्याला घरून निघाल्यापासून टोचत होता, हे दिसत होतं.

"दवाखान्यातले डॉक्टर आहेत ना. तरुण आहेत, केव्हाचे मागे लागलेत."

डॉक्टरांना दवाखान्याचा जिना चढताना धाप लागायची. पण साडूचा जीव भांड्यात पडला. त्याचे खांदे सैल झाले, आवाज मोकळा झाला. "बरं झालं बाबा! मला झोप नव्हती. म्हटलं, हा एकटा पडला तर?"

"छे! एकटा कशाला पडतोय?" कवळीवाला म्हणाला आणि मग खोट्याला टेकू देणं आलंच. "ही शेगडीही तूच ने. डॉक्टरांनी स्वतःची घेतलीय, भारीतली."

"मग ही कशाला घेतलीस?"

"म्हटलं, तुला दाखवावी."

साडूने नको-नको केलं आणि शेगडी पिशवीत घातली. कवळीवाल्याने त्याला सगळं नीट समजावलं. ज्योत चांगली तापल्याशिवाय डबा उलटा करायचा नाही. नवीन माणसाला पहिल्या दिवशी दोर हाताळायला देऊ नकोस, बर्फ गोळा करायला लाव; कामात असलं की भीती वाटत नाही. रात्री त्याच्याशी बोलत राहा. साडू मन लावून ऐकत होता.

दारात बूट घालताना तो म्हणाला, "माणूस वाईट नाही रे तो. गप्प असतो, तुझ्यासारखाच. तुमचं दोघांचं छान जमलं असतं."

"जपून न्या त्याला," कवळीवाला म्हणाला आणि साडू जिना उतरेपर्यंत दार उघडं धरून उभा राहिला.

राग धरावा तर कुणाचा? साडू चांगला होता, थोरली चांगलं म्हणूनच बोलली होती आणि तो तिसराही बहुधा चांगलाच असणार. कवळीवाला स्वयंपाकघरात गेला, दोघांचे कप विसळायला घेतले आणि नळ सोडून ढसाढसा रडला. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून नळ मोठा केला होता. मग त्याच्या लक्षात आलं, शेजारचं घरही गेले कित्येक दिवस रिकामंच आहे. त्याने नळ बंद केला.