सहा हातांचे चार झाले

मित्रांनो, मी एक जुना सांगाडा आहे, ड्रोनचा. सध्या मुक्काम कपाटावर, खिडकीला टेकून. अंगावर ना मोटर उरली ना पाती. पण सहाही हात शाबूत आहेत आणि इथून अंगण स्वच्छ दिसतं. आज ते दिसलं नसतं तर बरं झालं असतं.

मला जोडलं आमच्या चष्मेवाल्यांनी. दिवसभर दुकानात लोकांच्या चष्म्यांचे बारीक स्क्रू आवळायचे आणि घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर माझे. मधे काळी तबकडी, तिला चाकाच्या आऱ्यांसारखे सहा हात आणि प्रत्येक हाताच्या टोकाला एक मोटर. शेजारशेजारच्या मोटरी एकमेकींच्या उलट दिशेनं फिरायच्या, म्हणून मी हवेत गरगरत नसे. "सहांतली एक बंद पडली ना, तरी उरलेल्या पाच याला सांभाळून खाली आणतात," असं ते मुलीला हौसेनं सांगायचे. ते ऐकून माझी छाती फुगायची.

माझ्या पोटाखाली जड कॅमेरा असे. तो जमिनीवर आपटू नये म्हणून मी उतरताना मुलगी खाली उभी राहायची आणि मला वरच्या वर अलगद झेलायची. त्या इवल्या हातांत उतरताना मला फार सुख वाटायचं.

एकदा झाडाला धडकून मी डबक्यात पडलो आणि माझी तिसरी मोटर बुडाली. चष्मेवाल्यांनी काचा पुसायच्या कापडानं ती अशी घासली की नव्यासारखी चकाकू लागली. आतली एक तार मात्र दुखावली होती. मोटर तापली की तार सुटायची, गार झाली की पुन्हा चिकटायची. हवेत असं झालं की मला हिसका बसायचा, बाकीच्या पाचजणी भार उचलायच्या आणि मी सुखरूप उतरायचो.

"वारा होता," चष्मेवाले म्हणायचे, "पण पठ्ठ्या डगमगला नाही!"

टेबलावर तपासावी तर ती गार झालेली असे आणि झकास फिरे. माझ्या सहा हातांनी तिचं दुखणं झाकलं, मित्रांनो, आणि सांगायला मला तोंड नव्हतं.

मग एका रविवारी चष्मेवाल्यांचे साडू आले. त्यांच्याकडे चार मोटरींचा ड्रोन.

"अहो, चारांत भागतं तिथे सहा कशाला पोसता?" ते म्हणाले. "बॅटरी खायला दोन तोंडं जास्त!"

"सहाचा थाट वेगळा असतो," चष्मेवाले म्हणाले.

"कसला थाट! तुमचा दमून खाली येतो, तेव्हा माझा मजेत वर हिंडत असतो."

मुलगी खुदकन हसली. ते हसणं चष्मेवाल्यांच्या जिव्हारी लागलं.

त्यांनी चार हातांचा हलका सांगाडा आणला. माझ्या मोटरी काढून वर्तमानपत्रावर मांडल्या आणि त्यांतल्या चांगल्या चार निवडायला बसले. निवड केली ती डोळ्यांनी. तिसरी सगळ्यांत चकचकीत, म्हणून तिचा नंबर पहिला लागला. ओरखडे पडलेल्या दोन धडधाकट मोटरी खणात गेल्या.

मित्रांनो, तुमच्याकडे असं काही यंत्र असेल, तर त्याच्या हिसक्याचं खापर वाऱ्यावर फोडू नका. ते तापलेलं असतानाच त्याला हात लावून पाहा, कान लावून ऐका. आणि ज्याचा भरवसा नाही, त्याच्याखाली कुणालाही उभं करू नका.

हे मी घाईघाईनं सांगतो आहे, कारण तो चार हातांचा ड्रोन आत्ता अंगणावर घिरट्या घालतो आहे. कॅमेरा तोच जड. सहाजणींचा भार चौघींवर पडला आहे, त्यामुळे तिसरी लवकर तापणार. आणि चारांतली एक थांबली, तर उरलेल्या तिघी त्याला सावरू शकत नाहीत. पाती फिरत असतानाच तो उलटा होतो आणि कोसळतो.

"वा! माझ्या बरोबरीला आलात की!" साडू घड्याळ बघत म्हणताहेत.

"थांबा हो, आज तुम्हाला मागे टाकतो," चष्मेवाल्यांना भलताच चेव आला आहे. ड्रोन वरच आहे.

"बाबा, आता पुरे ना! आणा खाली, मी झेलते!"

तिसरीचा आवाज मी शंभरांत ओळखेन. तो आता चिरका झाला आहे. ड्रोन खाली येऊ लागला आहे. मुलगी धावत जाऊन त्याच्या बरोबर खाली उभी राहिली आहे, आणि तिनं दोन्ही हात वर केले आहेत.