दोन हजार जास्तीची पिल्लं

बोर्तोलांझा कुटुंबाच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये सकाळी पहिलं पाऊल पडायचं ते दिर्सेचं. मेलेले पक्षी बादलीत उचलायचे, पाण्याच्या नळ्या तपासायच्या, भुसा कुठे ओला झालाय ते पायाने चाचपायचं. चौतीस वर्षांच्या दिर्सेने अर्ध्याहून अधिक आयुष्य यातच घातलं होतं. आणि येत्या शुक्रवारी ही शेड, हा डोंगरउतारावरचा मका, सगळं धाकट्या भावाच्या, वाल्मीरच्या नावावर होणार होतं. तिने फक्त हक्कसोडीवर सही करायची होती.

त्या मंगळवारी बादली अर्ध्या वाटेतच भरली.

कारण तिला ठाऊक होतं. महिन्यापूर्वी वादळात शेजाऱ्याच्या शेडचं छप्पर उडालं, पिल्लं आणि खाद्य पुरवणाऱ्या कंपनीने त्याच्या वाट्याची पिल्लं इतरांना वाटली आणि वाल्मीरने मोठेपणा मिरवत दोन हजार जास्तीची घेतली. चौदा हजारांच्या जागेत सोळा हजार. त्यात फेब्रुवारी, म्हणजे दक्षिण गोलार्धातला ऐन उन्हाळा, आणि खायला पेलेट, दाबून केलेल्या खाद्याच्या कांड्या. पूर्वी भरडलेलं खाद्य यायचं तेव्हा पक्षी दिवसभर चोच घालून असायचे, सांडायचे, पुन्हा वेचायचे. वजन जरा कमी भरायचं, पण जीव कामात असायचा. पेलेटने बघता बघता पोट भरतं, अंग झपाट्याने धरतं आणि उरलेला दिवस रिकामा. जागा असली तर रिकामा पक्षी चार पावलं हिंडतो. इथे हिंडायचं कुठे? ओल्या भुशावर बसून बसून तळपाय काळे पडले होते, छातीची पिसं झडली होती, आणि बसल्या जागी शेजारणीच्या शेपटीवर चोची चालल्या होत्या.

दिर्सेने नुसती कुरकुर केली नव्हती. पहिल्याच आठवड्यात फळ्या ठोकून तिने एका कोपऱ्यात शंभर पक्षी ऐसपैस ठेवले होते. खाद्य तेच, पेलेटच. आता ते बाकीच्यांपेक्षा वजनाला सरस होते आणि तिला पाहून धावत यायचे. बाहेरचे उठतही नव्हते.

दहाच्या सुमारास कंपनीचा तपासनीस अदेमीर आला. ओसरीवर शिमाराव नावाच्या पेयाचा तुंबा फिरू लागला: बाबा ओलिवु, मग वाल्मीर, मग अदेमीर, पुन्हा बाबा. साव रोकेच्या वस्तीत बायका या कडू पेयासाठी गरम पाणी आणून देतात आणि आत जातात. दिर्से गेली नाही.

"मरतूक फार आहे, वाल्मीर," अदेमीर म्हणाला.

"पेलेटमध्येच खोट असणार तुमच्या!"

"उगाच पेलेटला नावं ठेवू नकोस," दिर्से म्हणाली. "माझ्या कोपऱ्यातले तेच खातायत. गर्दी झालीय, अदेमीर. आत्ता ट्रक बोलावून दोन हजार उचला. दुपारी वारा पडला तर गुदमरून मरतील."

अदेमीरने तुंबा ओलिवुंच्या हाती दिला आणि तो वाल्मीरकडे वळला. "तुझ्या ताईचा भारी जीव हं कोंबड्यांवर!"

"बारशीसुद्धा करत असेल," वाल्मीर हसला. "ताई, चुलीवरची मक्याची पोलेंता करपेल बघ."

ट्रकचं उद्या बघू, असं ठरलं.

दोन वाजता वारा पडला. पंखे चालू होते, पण ते गरम हवाच ढकलत होते. पक्षी हवेसाठी एका भिंतीकडे सरकले, एकावर एक चढले. दिर्से त्या ढिगात गुडघ्यापर्यंत शिरून दोन्ही हातांनी जिवंत पक्षी मागे टाकत होती. चार वाजेपर्यंत तीन हजार गेले. फळ्यांआडच्या शंभरातले चार.

"उकाडाच तसा होता," ओलिवु म्हणाले. "देवाची मर्जी."

"देवाने सोळा हजार भरले नव्हते, बाबा."

शुक्रवारी आईबाबा, वाल्मीर आणि दिर्से असे चौघं तालुक्याला गेले. साव रोकेत मुलीला लग्नात रजया आणि एक गाय मिळते. लग्न झालं नाही तर तेही नाही. जमीन मुलाची. बहिणी कचेरीत हक्कसोड करतात आणि मग सगळे आइस्क्रीम खाऊन घरी येतात. कुणी नाही म्हटल्याचं ऐकिवात नव्हतं.

"मी सही करणार नाही," दिर्से म्हणाली.

"लोकांत तोंड दाखवायला जागा ठेवशील की नाही?" ओलिवु कडाडले.

वाल्मीर गोरामोरा झाला. "अगं ताई, तुला कोण हाकलतंय? शेड तुझीच समज."

"समजून काय करू? मंगळवारी मी ओरडून सांगत होते आणि तू हसत होतास. तीन हजार जीव गेले रे! कागदावर माझं नाव असतं तर तो ट्रक मीच बोलावला असता."

असला नकार कारकुनालाही नवाच असावा. त्याने चष्मा लावला आणि मजकूर वाचायला घेतला. "...राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय..."

"थांबा." आई, इग्नेस, आज पहिल्यांदाच बोलत होती. "हे सगळ्यांच्याच कागदावर असतं?"

"सगळ्यांच्याच, बाई."

"म्हणजे माझ्याही असणार. एकोणीस वर्षांची होते, भावांसाठी सही केली. मला कुणी वाचूनच दाखवलं नाही." तिने कागदावर बोट ठेवलं. "खोटं आहे ते. मी घरी येईपर्यंत रडत होते."

"इग्नेस, चल, तू सही कर आधी," ओलिवु म्हणाले. जमीन नवरा-बायको दोघांच्या नावावर होती. तिच्या सहीशिवाय पान हलणार नव्हतं.

इग्नेसने कागद कारकुनाकडे परत सरकवला. "दोन्ही पोरांची नावं घालून नवा लिहा. आम्ही बसतो." आणि ती लेकीचा हात धरून बाकावर जाऊन बसली.

कचेरी बंद व्हायला अजून तीन तास होते. वाचकहो, आपल्याही घरात असा एखादा कागद कपाटात असेल. त्यातलं ते 'राजीखुशीने' सही करणारीला कुणी मोठ्याने वाचून दाखवलं होतं का?