राजाचं कार्ड

मास्तरांच्या घरात कुत्रे होते तीन, पण जनावरांच्या दवाखान्यात त्यांच्या नावावर होता एकच. त्याचं नाव राजा. गंमत अशी की राजा नावाचा कुत्रा मास्तरांच्या घरात कधीच नव्हता. घरात होते थोरला, मधला आणि धाकटा. एकाच आईची पिल्लं, तिघेही खाकी, तिघांच्याही शेपट्या टोकाला वाकड्या. मास्तरांच्या शिलाईच्या दुकानाच्या पायरीखाली सापडले तेव्हा मास्तरांच्या बायकोने त्यांना चिंध्यांच्या पिशवीत घालून घरी आणलं. "नावं कसली शोधताय? पिशवीतून निघाले त्या क्रमाने हाका मारू," असं म्हणून तिने तो विषय संपवला. पुढे पाच वर्षांपूर्वी ती स्वतःच संपली. जाताना एवढंच म्हणाली, "तिघांत डावं-उजवं करू नका."

मास्तरांनी केलं नाही. पण तिघांना सारखं वागवायचं तर तिघांचा खर्चही सारखा, आणि मास्तरांची नजर अधू झाल्यापासून दुकानात उरलं होतं ते पॅन्ट आखूड करणं आणि चेनी बदलणं. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. मास्तरांच्या अंथरुणावर आधीच तीन कुत्रे पसरलेले असत, पाय पसरायचे कुठे?

तेव्हा मास्तरांनी डोकं चालवलं. लस टोचायला फुकटच्या शिबिराची वाट बघायची. नखं घरी कापायची. जखम चाटू नये म्हणून दवाखान्यात गळ्याभोवती घालायचा प्लॅस्टिकचा कर्णा विकत मिळे. मास्तरांनी तो शर्टाच्या कॉलरीत घालायच्या बक्रमचा शिवला आणि दवाखान्यातल्यापेक्षा चांगला शिवला. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण मग दवाखान्याने वार्षिक कार्ड काढलं. एका कुत्र्यामागे वर्षाला एकदाच पैसे भरायचे, मग वर्षभर कितीही वेळा तपासणी मोफत. मास्तरांनी एक कार्ड घेतलं आणि त्यावर नाव लिहिलं, राजा. आलटून पालटून तिघेही राजा होणार होते.

मधल्याच्या गळ्यावर पांढरा ठिपका होता, धाकट्याचा कान फाटलेला. मास्तरांनी राजासाठी उंच कॉलरचा, कानटोपी जोडलेला करडा कोट शिवला. "राजाला गारवा सोसत नाही," असं दवाखान्यात सांगून टाकलं. धाकटा वजनाला कमी भरे, म्हणून त्याच्या पाळीला कोटाच्या दुमडीत पडद्याला लावतात तसली शिशाची वजनं सरकवत. माणूस एवढी अक्कल सरळ कामाला लावेल तर कुठल्या कुठे जाईल!

पण खरं सांगायचं तर पैसे हे अर्धंच कारण होतं. त्या दवाखान्यात मास्तरांना कुणीतरी ओळखत होतं. गल्लीत नवीन माणसं आली होती. लांब राहणारी मुलगी रविवारी फोन करी, "जेवलात ना बाबा?" विचारी आणि "हो" ऐकलं की ठेवून देई. दवाखान्यात मात्र दार उघडलं की काउंटरवरच्या ताई मान वर करून म्हणत, "या, राजाचे बाबा! आज काय केलंन राजाने?" मास्तर बाकावर बसत, कुणाच्या मांजराची चौकशी करत, वाळलेल्या कुंडीला पाणी घालत. तिघांच्या मिळून इतक्या बारीकसारीक तक्रारी निघत की आठवड्यातून एखादी फेरी होईच. नाही निघाली, तर मास्तर शोधून काढत.

मागच्या वर्षी डॉक्टरबाईंनी थोरल्याच्या छातीला नळी लावली आणि जरा जास्तच वेळ ऐकत राहिल्या. "काका, राजाच्या हृदयात सळसळ ऐकू येतेय. पंधरा दिवसांनी परत आणा. तशीच असली तर गोळी सुरू करू, आयुष्यभराची."

पंधराव्या दिवशी मधल्याचा कान वाहायला लागला. एका दिवशी दोनदा राजा कसा नेणार? मास्तरांनी कोट मधल्याच्या अंगावर चढवला. डॉक्टरबाईंनी कान साफ केला, छाती ऐकली आणि त्यांचा चेहरा खुलला. "अहो, सळसळ गेली की! त्या दिवशी घाबरला असणार." फाईलमध्ये तसं लिहिलंही.

त्याच वेळी बोलायला हवं होतं. पण बोललं तर पितळ उघडं पडणार. पुढच्या आठवड्यात थोरल्याला आणू, असं मास्तरांनी मनाशी ठरवलं. पुढच्या आठवड्यात थोरला चांगला उड्या मारत होता. त्यानंतर वर्षभर राजा व्हायची पाळी बाकीच्या दोघांचीच आली. हळूहळू मास्तरांनाही वाटायला लागलं की तो तेव्हा खरोखरच घाबरला असेल. सोयीचं असलं की माणसाला काहीही पटतं.

यंदा थोरल्याचा गाल सुजला. दाढेखाली पू झाला होता. दाढ काढायची म्हणजे भूल द्यायची. ठरलेल्या सकाळी मास्तर त्याला घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी कोट काढला, नळी लावली, भुवया आवळल्या आणि फाईल उघडली. वाचलं तशा भुवया सैल झाल्या.

"मागच्या वर्षीसारखीच सळसळ आहे. तेव्हा आपोआप गेली होती. घाबरट आहे आमचा राजा." त्यांनी थोरल्याच्या डोक्यावर थोपटलं. "तुम्ही बाहेर सही करा काका, तासाभरात मोकळा करते त्याला."

ताईंनी कागद पुढे सरकवला. "हृदयाचा जुना आजार" या ओळीपुढे त्यांनी फाईल बघून "नाही" असं आधीच लिहिलं होतं. मास्तरांनी पेन हातात घेतलं. काचेपलीकडे थोरला टेबलावर उभा होता. एका पुढच्या पायाचे केस कापून झाले होते, आणि तो काचेतून मास्तरांकडेच बघत वाकडी शेपटी हलवत होता. मास्तर आहेत म्हणजे सगळं बरोबरच असणार, एवढंच त्याला ठाऊक.

"करा की सही, राजाचे बाबा," ताई हसून म्हणाल्या. "दातच काढायचाय, राज्य नाही जात राजाचं."

ही बाई उद्यापासून आपल्याला अशी हाक मारणार नाही, हे मास्तरांना लख्ख कळलं. जगात ही एकच हाक उरली होती. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ताई, तो राजा नाही."

"म्हणजे?"

"राजा कुणीच नाही. माझ्याकडे तीन आहेत. सळसळ याचीच होती. गेली म्हणून लिहिलंय ना, ती छाती दुसऱ्याची. भूल देऊ नका त्याला. आधी आत जाऊन सांगा, मग मला काय बोलायचं ते बोला."

ताई धावत आत गेल्या. काचेपलीकडे डॉक्टरबाईंनी भरलेली सुई बाजूला ठेवली. मग मास्तरांना आत बोलावलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चार वर्षं मी कुणाला तपासत होते, काका?"

"ज्याला बरं नसेल त्याला," मास्तर पुटपुटले.

"पैसे नाहीत म्हणाला असतात तर काहीतरी मार्ग काढला असता. जनावर बोलत नाही हो. मला ती फाईलच बोलते. आणि ती तुम्ही खोटी बोलायला लावलीत." त्यांनी नळी मास्तरांच्या कानात अडकवली आणि दुसरं टोक थोरल्याच्या फासळ्यांवर टेकवलं. "ऐका."

मास्तरांनी ऐकलं. मशीनचा पट्टा सैल झाला की चाकावरून घसरताना जसा आवाज येतो, तसा. ठोका, घसर, ठोका, घसर. उभ्या आयुष्यात शेजारच्या खोलीत मशीन चाललं तरी त्यांनी बसल्या जागेवरून सांगितलं होतं, पट्टा सैल झालाय, तेल संपलंय. आणि हा रोज पायाशी झोपत होता. मास्तर टेबलाची कड धरून उभ्या उभ्या रडले.

"गोळी वर्षापूर्वी सुरू झाली असती तर बरीच वर्षं मिळाली असती," डॉक्टरबाई जरा वेळाने म्हणाल्या. "आता महिने मोजायचे. किती ते मी नाही सांगणार."

दाढ पुढे गोळ्या लागू पडल्यावर काढली, बेताची भूल देऊन, दोन डॉक्टरांनी मिळून. त्या बिलापायी मास्तरांना कापडाच्या कडा शिवायचं इंटरलॉकचं मशीन विकावं लागलं. चार वर्षांत वाचवलं होतं त्याहून ते बिल मोठं होतं. वार्षिक कार्ड रद्द झालं. आता तिघांच्या तीन फाईली आहेत, खऱ्या नावांच्या, आणि प्रत्येक फेरीला पैसे पडतात, म्हणून मास्तर महिन्यातून एकदाच जातात. डॉक्टरबाई पूर्वीसारख्याच नीट तपासतात. ताई रागावत नाहीत, टाकून बोलत नाहीत. फाईल काढून ठेवतात आणि वेळ आली की मान वर न करता म्हणतात, "पुढचे."

मास्तरांनी करडा कोट उसवला. दुमडीतून शिशाची दोन वजनं घरंगळली, ती त्यांनी खिडकीत ठेवून दिली. आता रोज संध्याकाळी दुकान बंद केल्यावर थोरल्याला गोळी भरवून ते जमिनीवर बसतात आणि तिघांना एकेक करून आडवं पाडतात. धाकट्याच्या छातीला कान लावतात: ठोका खणखणीत. मधल्याच्या लावतात: तोही स्वच्छ. थोरल्याच्या छातीशी बराच वेळ थांबतात. ठोका, घसर, ठोका, घसर. कालच्याइतकंच आहे, वाढलेलं नाही, अशी खात्री करून घेतात. बायको असती तर म्हणाली असती, आता कुठे डावं-उजवं कळायला लागलं तुम्हाला.

मग कुत्रे उठून आपापल्या जागी जातात. मास्तर तसेच जमिनीवर पडून राहतात. स्वतःच्या छातीवर हात ठेवून बघतात, काहीतरी चालू असल्याचं जाणवतं. पण हाताला ठोका कळतो, आवाज कळत नाही. त्याला कुणीतरी कान लावावा लागतो.