मुळाबरहुकूम

मुद्रितशोधकांनी अडतीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढल्या, पण स्वतःच्या मनाने कुठे एक स्वल्पविराम घातला नाही. मूळ प्रतीत असेल तेच खरं. निवृत्तीनंतर बायको अंथरुणाला खिळली, डॉक्टर खिडकीबाहेर बघून बोलू लागले, तेव्हा ते रोज दुपारी तिला कादंबरी वाचून दाखवू लागले.

कादंबरी जुन्या पुस्तकांच्या दुकानातली, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, पुठ्ठाबांधणीची, विटेइतकी जड. धाकटीने थोरलीचं ठरलेलं लग्न मोडलं, पुढे सहाशे पानं अबोला.

बायकोचाही धाकट्या बहिणीशी सव्वीस वर्षं अबोला होता. कारण विचारलं की सांगायची, दर वेळी वेगळं.

"अहो, या पुस्तकातल्या थोरलीने माफ केलं ना, तर मीही धाकटीला फोन लावीन. नाही केलं, तर मेलीचं नाव काढायचं नाही."

"अगं, पुस्तकावर काय ठरवतेस?"

"मग तुमच्यावर ठरवू?"

कादंबरीतली थोरली अखेर आजारी धाकटीच्या दाराशी पोचली. पान उलटलं, तर कुणी मेजर घोडा विकत होता.

"हा मेला कुठून उपटला?"

"छापलंय तसं."

तेरा पानं घासाघीस झाली, घोडा गेला, कादंबरी संपली.

सकाळी ते दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "काका, दोन फाटकी पुस्तकं होती, एकाला शेपूट नव्हतं, दुसऱ्याला डोकं. आकार सारखा, म्हणून एकत्र शिवली. शेवटपर्यंत पोचलेले तुम्हीच पहिले!"

घरी बायको उशीवरून मान उचलून वाट बघत होती. "काय हो, केलं का माफ?"

'केलं' एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरं आणि एक अनुस्वार. कुठल्याही नवऱ्याने बेलाशक ठोकून दिलं असतं. मुद्रितशोधकांनी चष्मा पुसला.

"पानं गहाळ आहेत."

"मग राहू दे," म्हणून तिने भिंतीकडे तोंड केलं.

गुरुवारी ती गेली. फोन मुद्रितशोधकांनीच लावला, धाकटी रडतच धावत आली.

"भावजी, ताईने मला बोलावलं असतं का हो?"



"सांगता येणार नाही," ते म्हणाले.

धाकटी रडायची थांबली. त्यानंतर ती त्या घरी कधी आली नाही.