दोनदा नोंदलेला इंद्रजित

बार्शीत एकच हापसा नकाशावर दोनदा नोंदला, की जमिनीवर दुसरा हापसा उगवायचा. लोकांना त्याचं काही वाटत नव्हतं. दोन्हीकडं कळशा लावायचे. रविवारी शर्वरी नोंदींच्या साफसफाईला बसायची. जिच्यात माहिती जास्त ती नोंद ठेवायची, दुसरी पुसायची. पुसलेला हापसा मुकाट जमिनीत जायचा.

हे नकाशाचं काम पाच-सहा पोरं फुकट करायची. हापसे, मुताऱ्या, बंद पडलेले दिवे, सगळं कुणालाही बघता यावं, वापरता यावं म्हणून. धनेश त्यातलाच, मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून शिकलेला. पण शर्वरीच्या तोंडी नाव एकच, इंद्रजितचं.

"इंद्यानं बघ, दांडा किती कुरकुरतो तेपण लिहिलंय!"

धनेशच्या पोटात दुखायचं. इंद्रजितचेच हापसे तो आपल्या नावावर परत नोंदायचा. रविवारी नेमके धनेशचेच जमिनीत जायचे.

मग त्यानं इंद्रजितलाच नोंदलं. दोन झाले की एक पुसावाच लागणार, आणि खऱ्याची नोंद ती केवढी, नकाशावर संपर्काला दिलेलं नाव आणि फोन नंबर. धनेशकडं माहितीला तोटा नव्हता. एवढ्या दिवसांत दुसरं बघितलंच काय होतं त्यानं? इंद्या चप्पल उजवी आधी काढतो. गार चहासुद्धा फुंकून पितो. शर्वरीशी बोलताना आवाज खाली आणतो. धनेशनं सगळं ओतलं.

दुसरा इंद्रजित वाचनालयाच्या पायरीवर उगवला. पहिला त्याला म्हणाला, "सरक की लेका, बसू दे."

शर्वरीनं दोन्ही नोंदी वाचल्या. "ही भरगच्च आहे," म्हणाली, आणि पहिला पुसला.

"माझी गाडी सावलीत लावा रे," म्हणत तो पायरीत गेला.

उरलेला इंद्रजित धनेशनं लिहिला तस्साच होता. पहिल्यापेक्षा देखणा. शर्वरी बघतच राहिली.

"कुणी लिहिलंय हे? किती जीव लावून लिहिलंय!"

"मी," धनेश म्हणाला. तिनं इंद्रजितवरची नजर काढली नाही.

"आता धन्याची नोंद करू," नवा इंद्रजित म्हणाला. "माणसं घ्यायचीच तर सगळी घ्या."

"पण नीट भर हां. रिकामी नोंद मला ठेवता येत नाही, पुसावी लागते," शर्वरी म्हणाली.

त्यानं 'धनेश' टाईप केलं. मग धनेशकडं बराच वेळ बघितलं. "पुढं काय?"

पोरांनी एकमेकांकडं बघितलं.

"कुठल्या कुशीवर झोपतोस?"

धनेशला आठवेना. पायाखालची पायरी मऊ लागली. घोटे गेले, मग गुडघे.

शर्वरी वाकली. "अरे, सांग की स्वतःचं काहीतरी! काहीपण सांग!"

दगड कमरेला गार लागत होता. धनेश घाईघाईनं म्हणाला, "हसायच्या आधी इंद्याचा डावा डोळा बारीक होतो."

इंद्रजितचा डावा डोळा बारीक झाला.