लाल कंदील आणि माझं 'एफ'

मी एक जुना कीबोर्ड आहे. माझ्या अंगावरची बाकी सगळी अक्षरं अजून वाचता येतात, पण 'एफ'चं बटण पार कोरं झालं आहे. जो कुणी मला पहिल्यांदा पाहतो तो त्या बटणावर बोट ठेवून विचारतो, "हे कशानं पुसलं हो?" मित्रांनो, आजवर मी फक्त दुसऱ्यांचं लिहून घेतलं. आज माझं स्वतःचं थोडं सांगतो.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं आहे. तिथून खोक्यात बसून मी परभणीच्या एका दुकानात आलो आणि पूर्णा गावच्या भुजंगरावांनी आपल्या कॉम्प्युटर क्लाससाठी मला विकत घेतलं. ते दिवस माझ्या रुबाबाचे होते. सकाळपासून पोरं-पोरी टायपिंग शिकायला यायच्या. माझ्या 'एफ' आणि 'जे' या दोन बटणांवर बारीकसा उंचवटा आहे. खाली न बघता बोटाला आपली जागा सापडावी, म्हणून तो असतो. "डोळ्यांनी शोधू नका, बोटाला विचारा," असं भुजंगराव प्रत्येक तुकडीला सांगायचे. मला ते वाक्य फार आवडायचं, कारण त्यात माझीच स्तुती होती.

पुढे घरोघरी मोबाइल आले आणि क्लास ओस पडला. आमची रवानगी माळ्यावर झाली. तिथे माझ्या अंगावर इतकी धूळ बसली की एका पालीने मला भिंतच समजून पोटाशी अंडी घातली. मी मनाला समजावलं, की चला, कुणाच्या तरी उपयोगी पडलो. पण खरं सांगतो, तेव्हा फार वाईट वाटायचं.

भुजंगरावांनी क्लासची जागा सोडली तेव्हा त्यांना, टायपिंग आटोपलं की कॉम्प्युटरवर मारामारीचा एक खेळ खेळत बसणारी जुनी विद्यार्थिनी सुकेशनी आठवली. सुकेशनी आता गंगाखेडच्या एका शाळेत शिक्षिका होती. "घेऊन जा पोरी, चालू हाय सगळं. तुझा त्यो मारामारीचा खेळबी हाय आत," ते म्हणाले. अशा रीतीने कॉम्प्युटरसकट मी पूर्णा गावातच, स्टेशनमागच्या गल्लीत, सुकेशनीच्या घरी आलो. अंडी तोवर फुटून पिल्लं आपापल्या वाटेने गेली होती.

या घरात तेव्हा फारसं कुणी बोलत नव्हतं. सुकेशनीचे वडील नागसेन हे रेल्वेत पॉइंट्समन होते. गाडीसाठी रूळ बदलायचे, हिरवा-लाल दिवा दाखवायचा, यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर वर्षभरातच त्यांना लकव्याचा झटका आला. पाय सावरला, जीभ सावरली, पण डावा हात काही जागा होईना. बोटं आत वळून राहिली. त्यांना जेवायला उजवा हात पुरत होता. दुःख होतं ते लेझीमचं. गल्लीतल्या मुलींना लेझीम शिकवायची आणि भीमजयंतीच्या मिरवणुकीत त्यांच्या पुढे स्वतः खेळत जायचं, हे काम नागसेनकाका तरुणपणापासून करत आले होते. लेझीमला दोन हात लागतात. ती घराच्या खुंटीला टांगलेली असायची आणि काका तिच्याकडे पाठ करून बसायचे.

परभणीच्या डॉक्टरांनी बोटं हलवत राहायला सांगितलं होतं. दाबायला एक रबरी चेंडूही दिला होता. काका तो दोन-चार वेळा दाबायचे आणि सोडून द्यायचे. चेंडूचा बहुतेक मुक्काम पलंगाखालीच असायचा. काकांच्या पत्नी लक्ष्मीबाई केरसुणीने तो बाहेर काढायच्या आणि म्हणायच्या, "ह्या चेंडूलाच व्यायाम व्हायलाय बगा, तुमाला न्हाई."

एका रविवारी सुकेशनी माझ्यावर तो खेळ खेळत बसली होती. त्या खेळात आपण एक प्रवासी व्हायचं असतं. जुन्या चीनच्या डोंगरांतून, वेळूच्या बनांतून हिंडायचं, गुरू शोधायचे आणि त्यांच्याकडून युद्धकला शिकायच्या. कुणी वाघाचे पवित्रे शिकवतो, कुणी सापाचे, कुणी माकडाचे, कुणी करकोच्याचे. पैसे देऊन विद्या मिळत नाही. जितका सराव कराल तितकी त्या विद्येची पट्टी पडद्यावर भरत जाते, आणि ती भरली की पुढच्या गुरूंची दारं उघडतात. सुकेशनीच्या प्रवाशाने एक पाय पुढे टाकून कंबर खाली घेतली, तसे काका पलंगावरून उठून आले.

"अगं, ह्यो तर आपला पवित्रा हाय! लेझीमचा!"

"तुमीच खेळा की बाबा मग," सुकेशनी म्हणाली आणि खुर्चीवरून उठली. तेवढ्यावर थांबेल तर ती शिक्षिका कसली? तिने प्रवाशाचा ठोसा माझ्या 'एफ' बटणाला जोडून दिला, काकांचा डावा हात उचलला, अंगठ्याशेजारचं मिटलेलं पहिलं बोट सरळ केलं आणि त्या उंचवट्यावर टेकवलं. "चालायचं उजव्या हातानं, मारायचं डाव्यानं. ह्यो नियम हाय."

दुसऱ्या दिवसापासून सुकेशनी सकाळच्या गाडीने गंगाखेडला जायची आणि लक्ष्मीबाई काकांचं बोट माझ्यावर ठेवून स्वयंपाकाला लागायच्या. ते बोट थंड होतं. त्याला मी कळत नव्हतो. काका खांद्यापासून जोर लावायचे तेव्हा कुठे एकदा 'टक' व्हायचं. मग दुसऱ्या 'टक'ची वाट बघत मी बसायचो. टायपिंगच्या पोरांचा वेग अनुभवलेला मी, पण तेव्हा मला जराही कंटाळा आला नाही.

काका लबाडीही करायचे हं! लक्ष्मीबाईंची पाठ वळली की हळूच उजव्या हाताने 'टकटकटक' ठोसे मारायचे. पण ती बाई रेल्वेवाल्याच्या घरात नांदलेली, आवाजावरून गाडी ओळखणारी. भाकरी थापता थापता आतूनच ओरडायची, "उजवा हाय त्यो! डावा घ्या डावा!" काका जीभ चावून डावं बोट पुन्हा जागेवर ठेवायचे.

मग एक सकाळ अशी आली, की 'टक' होण्याआधीच काका थांबले. त्यांनी बोट उचललं नाही. नुसतं माझ्या उंचवट्यावर इकडून तिकडे, अगदी जरासं, फिरवलं.

"अगं, इकडं ये बरं," ते म्हणाले. लक्ष्मीबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या.

"काय झालं? कामून घाबरलात?"

"हे टोचायलंय."

"काय टोचायलंय?"

"ह्या बटणावरचं. बारीक हाय, पर टोचायलंय मला. बोटाला कळायलंय."

लक्ष्मीबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि पीठ सगळं तोंडाला लागलं. मित्रांनो, कारखान्यात माझ्या अंगावर तो उंचवटा ज्या यंत्राने उठवला असेल, त्याला हे ठाऊकही नसेल. मला मात्र त्या दिवशी जन्माला आल्याचं समाधान वाटलं.

त्यानंतर ठोशांना जोर आला. रोज संध्याकाळी सुकेशनी विचारायची, "बाबा, कुठवर आलं?" काका म्हणायचे, "चालू हाय, शिकायलोय." हिवाळा सरत आला. तोवर सुकेशनीला वाटलं, एव्हाना बाबा दोन-तीन गुरू करून बसले असतील. एका सुट्टीच्या दिवशी ती शेजारी खुर्ची घेऊन बसली आणि पडद्याकडे बघतच राहिली. काकांचा प्रवासी पहिल्या मठाच्या दाराबाहेरच उभा होता. दाराशी सरावासाठी एक लाकडी खांब रोवलेला असतो, त्यालाच तो इतके महिने ठोसे मारत होता.

"बाबा, तुमी आत गेलाच न्हाई?"

"कसा जाणार? सिग्नल कुठं मिळालाय?"

"कसला सिग्नल?"

काकांनी उजव्या हाताने पडद्यावर दाखवलं. मठाच्या दारावर एक मोठा लाल कंदील लटकत होता. "त्यो बग की लाल दिवा. हिरवा व्हायची वाट बगायलोय. लय मोठं जंक्शन दिसायलंय, गाडी सुटंनाच आतून."

सुकेशनी आधी हसली आणि मग हसताना तिला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. चीनमध्ये लाल रंग शुभ असतो, तिकडे दारावर लाल कंदील म्हणजे 'या, बसा' असं तोरणच, हे तिने समजावून सांगितलं. काकांना ते मुळीच पटलं नाही. "सारी जिंदगी लाल बत्ती दाखवून गाड्या थांबवल्या म्या. आता मीच वलांडून जाऊ? तेंचा काय नियम असंल त्यो असंल, लाल म्हंजे लाल!"

"जावा हो आता," लक्ष्मीबाई म्हणाल्या, "ह्या वयात कोण मेमो देतंय तुमाला?"

काकांनी इकडेतिकडे पाहिलं, एक मोठा श्वास घेतला आणि प्रवाशाला कंदिलाखालून आत नेलं. आत गुरूने रिवाजाप्रमाणे परीक्षा घेतली. शिष्याने एक ठोसा मारून दाखवायचा. काकांनी डाव्या बोटाने 'एफ' दाबलं. पडद्यावरची ठोशाची पट्टी काठोकाठ भरलेली निघाली, कारण दाराबाहेर उभं राहून इतका सराव दुसरं कोण करतं? पुढची सगळी दारं एकदम उघडली.

"बाबा, आता पाहिजे ती विद्या घ्या," सुकेशनी म्हणाली. तिचं लक्ष मात्र पडद्यावर नव्हतं. ती त्यांच्या बोटाकडे बघत होती. ते पहिलं बोट सरळ झालं होतं.

मग निवड सुरू झाली. माकडाच्या उड्या काकांना झेपेनात. झिंगलेल्या माणसासारखं तोल घालवत लढायची एक कला होती. तिची ताकद फार, पण तिथला गुरू आधी दारूचा प्याला पुढे करतो. काकांनी मान हलवली. "पंचशील घेतलंय म्या. खोटी असली तरी दारूच ती." शेवटी त्यांनी करकोचा घेतला. पूर्णा नदीच्या काठाला एका पायावर थांबणारे करकोचे त्यांच्या ओळखीचेच होते. ही विद्या सावकाश असते, पण तिला 'एफ'बरोबर शेजारचं 'डी' आणि 'एस'ही लागतं. म्हणजे पहिल्या बोटाच्या मागे दुसरं, दुसऱ्याच्या मागे तिसरं जागं होणं आलं. "लेझीमबी अशीच असती," काका सुकेशनीला म्हणाले. "आधी चार आवाज पक्के करायचे, मग पुढचे हात. पोरी कायम पुढचंच मागतेत." चिडले की ते पुन्हा बाहेर जाऊन त्या लाकडी खांबाला ठोसे मारायचे आणि शांत होऊन परत यायचे.

एप्रिल आला. जयंतीच्या दिवशी घर रिकामं झालं आणि खुंटीवरची लेझीमही दिसेना. मी खिडकीजवळ एकटाच होतो. तिसऱ्या प्रहरी लांबून ढोल ऐकू आला आणि मग गल्लीच्या तोंडाशी लेझीम वाजू लागली. साधे चार आवाज. पुढचे अवघड हात नव्हते, पण ताल एकसारखा होता आणि त्यात पुढून एक जाडसर आवाज मोजत होता, "एक, दो, तीन, च्यार!" तो काकांचा आवाज होता. मला पाय नाहीत याचं त्या दिवशी पहिल्यांदा दुःख झालं, आणि आनंद तर इतका झाला की तो ठेवायला जागा नव्हती.

घरी आल्यावर काका थेट माझ्याजवळ आले. कॉम्प्युटर बंदच होता. डाव्या बोटाने त्यांनी 'एफ' एकदा दाबलं, पाठीवर थाप द्यावी तसं, आणि मग ते पाय धुवायला गेले. त्यांची डावी करंगळी अजून नीट मिटत नाही. त्यांना त्याचं काही वाटत नाही.

यंदा सुकेशनीने लॅपटॉप घेतला. मला माळाच आठवला. पण काकांचा बेत वेगळाच होता. परभणीच्या दवाखान्यात लक्ष्मीबाईंची पिंगळीच्या सरजाबाईंशी ओळख झाली होती. सरजाबाईंना लकवा झाला होता आणि त्यांचाही डावाच हात गेला होता. शेतात कापूस वेचणाऱ्या त्या बाईला आता घरात बसून राहावं लागत होतं, म्हणून ती सगळ्यांवर चिडायची. कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून, मला मांडीवर घेऊन काका पॅसेंजरने पिंगळीला निघाले. जन्मभर गाड्यांचे आवाज ऐकले होते, गाडीत मात्र मी तेव्हाच बसलो.

सरजाबाईंच्या ओसरीवर सगळी जोडाजोड झाली. काकांनी सरजाबाईंचं बोट उचलून 'एफ'वर ठेवलं आणि काकांचाच चेहरा पडला. एवढ्या ठोशांनी अक्षराबरोबर तो उंचवटाही झिजून गेला होता. बटण सपाट झालं होतं. बोटाला सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. मित्रांनो, मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मग काकांनी सरजाबाईंच्या सुनेला म्हटलं, "बाई, ज्वारीचा एक दाना आन बरं. आन थोडा डिंक." सुपातला एक टपोरा दाणा आला. काकांनी तो आपल्या डाव्या हाताच्या चिमटीत धरला, हो, डाव्याच, आणि माझ्या कोऱ्या 'एफ'वर मधोमध चिकटवला.

"खेळात दारावर लाल कंदील दिसंल," ते सरजाबाईंना म्हणाले. "आत गेलं तरी चालतं म्हनतेत. पर मी सांगू का आक्का, तुमी घाई करू नका. जरा भाईरच थांबा."

मी अजून त्याच ओसरीवर आहे. सरजाबाईंची सून रोज सकाळी मला पुसते, त्यांचं बोट माझ्यावर ठेवते आणि कामाला जाते. तुमच्याकडे एखादी झिजलेली वस्तू असेल तर तिला माळ्यावर टाकण्याआधी एवढंच बघा, की ती कशाने झिजली. मग तिला एखादा दाणा लावून पाहा. आणि घरात कुणी गप्प होऊन बसलं असेल तर त्यांचंही बोट रोज जागेवर ठेवत जा. ते थंड लागलं तरी ठेवा.

काल नागसेनकाका पुन्हा येऊन गेले. ओसरीवर बसून त्यांनी विचारलं, "आक्का, टोचायलंय का काही?"

सरजाबाईंनी डोळे मिटले. दाण्यावर त्यांचं बोट इकडून तिकडे जरासं सरकलं.

"हौ," त्या म्हणाल्या, "ज्वारी हाय."